बाईंनी मला बेरीज करायला बसवलं



आजचा श्लोक गीतेच्या सतराव्या अध्यायातला पंधरावा. या अध्यायात भगवंत तपाचे तीन प्रकार सांगतात. चौदाव्या श्लोकात शरीराचं तप, सोळाव्यात मनाचं, आणि मध्ये आपला आजचा श्लोक, वाणीचं तप. तप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिमालय, थंडी, उपवास असलं काहीतरी येतं. इथे भगवंत म्हणतात की तोंडातून निघणारा शब्दही तप असू शकतो. त्याच्या अटी चार. ऐकणाऱ्याच्या मनात खळबळ उडवणारा नसावा, खरा असावा, प्रिय असावा आणि हिताचा असावा. पाचवी गोष्ट म्हणजे स्वाध्यायाचा सराव.

श्लोक पाठ आहे हो. शाळेत असताना सतरावा अध्याय पाठांतराला होता. पण पाठ असणं आणि वेळेला आठवणं यात फार अंतर आहे, हे मला मागच्या गुरुवारी रात्री कळलं.

झालं असं, की रिलीजनंतर तासाभरात आमच्या सिस्टीममध्ये पैशांचे व्यवहार अडकायला लागले. रात्री साडेदहाला कॉल सुरू झाला. कॉलवर अठरा-एकोणीस जण. लॉग बघता बघता सापडलं की एका कॉन्फिग फाइलमध्ये चुकीचा बदल गेलाय. मी टीम लीड. मी विचारलं, "हे कोणी केलंय?" दोन-तीन सेकंद सगळे गप्प. मग आमच्याकडे वर्षभरापूर्वी लागलेल्या एका मुलीनं माइक सुरू केला, "सर, मी." मी म्हणालो, "टेस्ट न करता ढकललंस कसं? ही अगदी पायाभूत गोष्ट आहे."

बस, एवढंच. आवाज चढवला नाही. अपशब्द नाही. आणि शब्द न् शब्द खरा होता. तिनं खरंच टेस्ट केलं नव्हतं. पण पुढचा दीड तास ती कॉलवर एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टीवर. सोमवारी आली ती प्रत्येक ओळ मला दाखवून, विचारून लिहायला लागली. काम थांबलं नाही, पण तिचा हात बिचकला.

मी स्वतःला समजावत होतो की मी खोटं काय बोललो? खरं तेच बोललो ना! आणि तेव्हाच मला चौथीच्या बाई आठवल्या.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. शाळा जिल्हा परिषदेची. दोन खोल्या, एक व्हरांडा, बसायला बस्करपट्ट्या. बाई रोज तालुक्याच्या गावाहून एसटीनं यायच्या. गाडी चुकली तर कुणाच्या तरी जीपमध्ये दाटीवाटीनं. त्यांच्या पर्समध्ये काय काय असायचं! सुई-दोरा, दोन-चार सुटी बटणं, नेलकटर, खोबरेल तेलाची छोटी बाटली. शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं की बाई परिपाठ संपल्यावर जवळ बोलवायच्या आणि अंगातला शर्ट न काढता बटण लावून द्यायच्या. वर सांगायच्या, "हलू नकोस, नाहीतर तुलाच शिवून टाकीन." आम्ही मुद्दाम बटणं तोडायचो, एवढं ते सुख होतं.

शाळेत संचयिका होती. म्हणजे मुलांची बचत. दर शनिवारी, सकाळच्या शाळेला, मुलं आठ आणे, रुपया, दोन रुपये आणायची. प्रत्येकाचं एक छोटं कार्ड, त्यावर आकडा लिहायचा, मग तोच आकडा मोठ्या वहीत, आणि पैसे पत्र्याच्या डब्यात. गणित चांगलं म्हणून हे काम बाईंनी माझ्याकडे दिलेलं. वही माझी, डबा माझा. मी वर्गातला बँक मॅनेजर!

त्या वर्षी च्युइंगमसोबत क्रिकेटपटूंची कार्डं मिळायची. ती जमवायचं वेड आम्हा सगळ्यांना होतं. माझ्याकडे पैसे नसायचे. वडील शिवणकाम करायचे, आई पापड लाटून द्यायची. घरी मागायची सोय नव्हती. मग एका शनिवारी मी एका मुलाच्या कार्डावर दोन लिहिले आणि वहीत एक. रुपया खिशात. कोणाला कळलं नाही. पुढच्या शनिवारी तीन. असं करत करत जानेवारीपर्यंत चौदा रुपये झाले.

संक्रांतीनंतरचा शनिवार होता, जानेवारी १९९८. बाईंनी आम्हाला तिळगूळ आणलेला. बाईंनी आदल्या दिवशी सगळी कार्डं गोळा करून घरी नेली होती, वहीशी ताडून बघायला. सकाळी बाईंची एसटी यायच्या आधीच कुणीतरी बातमी फोडली. संचयिकेचे पैसे कमी आलेत.

आता वर्गातल्या चाळीसेक पोरांनी काय करावं? कोणी वहीकडे बघितलं नाही. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. सगळ्यांनी बघितलं ते शेवटच्या पट्टीवर बसणाऱ्या एका मुलाकडे.

त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे. आमच्या भागात हे नवीन नाही. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायको मिळून एक कोयता निघतो, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि उन्हाळ्यात परत येतो. तो आजीजवळ राहायचा. तेव्हा शाळेत शिजवलेली खिचडी नव्हती. हजेरी ऐंशी टक्के भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचे. तो एक दिवसही शाळा बुडवायचा नाही, आणि पोरं त्याला चिडवायची की हा तांदळासाठी येतो.

तर त्या सकाळी चार-पाच पोरांनी त्याचं दप्तर ओढलं. खताच्या गोणीचं शिवलेलं दप्तर. ते व्हरांड्यात उलटं केलं. त्यातून पाटी पडली, एक फाटकं पुस्तक, फडक्यात बांधलेली भाकरी. पैसे नव्हते, असणार कुठून? तो रडला नाही. खाली बसून एकेक वस्तू गोळा करत होता. मी तिथेच उभा होतो. दप्तराचा एक बंद माझ्या हातात होता.

ही ओळ मी आज पहिल्यांदा लिहितोय.

बाई आल्या. व्हरांड्यात पडलेली भाकरी त्यांनी बघितली. कोणाला काही विचारलं नाही. आम्हाला आत बसवलं, आणि त्या मुलाला हाताला धरून फळ्याजवळ आणलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून बाई म्हणाल्या, "संचयिकेचे चौदा रुपये कमी आहेत, हे खरं आहे. आणि याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही, हेही खरं आहे. मला माहीत आहे म्हणून सांगतेय. बाकी मला जे माहीत आहे ते ज्याचं त्याला सांगेन. आता सगळ्यांनी तिळगूळ घ्या." पहिला लाडू त्याच्या हातावर ठेवला.

मला ताप आल्यासारखं झालं. शाळा सुटल्यावर बाईंनी हाक मारली, "अरे, जरा थांबतोस का? ही बेरीज मला जमत नाहीये. तू गणितात हुशार. करून दे."

समोर कार्डांचा गठ्ठा आणि माझी वही. मी खाली बसलो. एक कार्ड, एक ओळ. दोन आणि एक. तीन आणि दोन. बाई टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होत्या, माझ्याकडे बघतही नव्हत्या. सहाव्या-सातव्या कार्डाला मला अक्षरं दिसेनाशी झाली. वहीवर पाणी पडलं. बाई म्हणाल्या, "पूर्ण कर. अर्धी बेरीज उपयोगाची नसते."

मी पूर्ण केली. फरक चौदा. बाईंनी विचारलं, "बरोबर आहे का?" मी मान हलवली. "मग लिही खाली." मी माझ्या हातानं लिहिलं की चौदा रुपये मी घेतले, परत करीन. सही केली. माझ्या आयुष्यातली ती पहिली सही.

मग बाईंनी पर्समधून चौदा रुपये काढून डब्यात टाकले. म्हणाल्या, "हे पोरांचे. आता तू माझं देणं लागतोस. दर शनिवारी एक रुपया. घरून मागायचा नाही. डबा आणि वही तुझ्याकडेच राहील." मी जायला निघालो तेव्हा मागून म्हणाल्या, "आणि त्या पोराचं काय करायचं ते तू ठरव. ते मी सांगणार नाही."

चोर हा शब्द बाईंनी त्या दिवशी उच्चारला नाही. नंतरही कधीच नाही.

रद्दी, भंगार, बाटल्या गोळा करून मी रुपया-रुपया जमवला. चौदा शनिवार. शेवटचा रुपया दिला तो २५ एप्रिलला. तारीख पक्की लक्षात आहे, कारण आदल्या रात्री शारजात फायनलला सचिननं १३४ केले होते, तेही त्याच्या वाढदिवसाला, आणि गावात दुसरा विषयच नव्हता. बाईंनी माझ्या लिहिलेल्या कबुलीवर एक रेघ मारली, कागद फाडला नाही, वहीतच ठेवला. म्हणाल्या, "खातं बंद."

तर मंडळी, इथून आपण श्लोकाकडे येऊ.

लहानपणापासून मी ही गोष्ट "माझ्या बाईंनी मला कसं वाचवलं" अशी मनात धरून होतो. पण मोठेपणी, विशेषतः गीता वाचायला लागल्यावर, एक प्रश्न टोचायला लागला. बाईंचं बोलणं सत्य होतं का? त्यांनी चोराचं नाव माहीत असून वर्गाला सांगितलं नाही. मग ते अर्धसत्य नाही का?

आपल्या परंपरेनं हा प्रश्न टाळलेला नाही. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या एका तपस्व्याची गोष्ट सांगतात. त्याचं व्रत होतं की खरंच बोलायचं. लुटारू विचारत आले की माणसं कुठे पळाली, आणि यानं खरं तेच सांगितलं. माणसं मारली गेली, आणि सत्यव्रती कौशिक नरकात गेला. म्हणजे घडलेलं जसंच्या तसं सांगून टाकलं की आपलं काम संपलं, असं भगवंतांना मान्य नाही.

पण उलट बाजूही आहे. लोकांना बरं वाटावं म्हणून गोड बोलणं आणि खरं झाकणं, हे तर आपण रोज करतो. ते तप नाही, ती सोय आहे. बाई जर म्हणाल्या असत्या, "जाऊ द्या रे, माझीच मोजण्यात चूक झाली," तर वर्ग शांत झाला असता, मी सुटलो असतो. पण त्या मुलावरचा संशय तसाच राहिला असता, आणि मी पुढे आणखी मोठा डबा फोडला असता.

या श्लोकावर शंकराचार्यांचं भाष्य वाचा. ते म्हणतात, या चारही गोष्टी एकत्र हव्यात. बोलणं खरं आहे पण बाकीच्यांपैकी एक जरी नाही, तर ते वाणीचं तप नाही. तसंच प्रिय आहे पण खरं नाही, हिताचं आहे पण खळबळ उडवणारं आहे, तेही नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर चारही अटींमध्ये "आणि" आहे, "किंवा" नाही. एक अट फसली की सगळंच फसलं. आणि गंमत बघा, आचार्य असं बोलणं कसं असतं याचं उदाहरण देतात ते एका लेकराशी बोलल्यासारखं: बाळा, शांत हो, अभ्यास कर, तुझं भलं होईल, अशा आशयाचं. वाणीच्या तपाचं उदाहरण द्यायची वेळ आली आणि आचार्यांना शिकवणाराच आठवला!

माझा गुरुवारचा कॉल या चाळणीतून घालून बघितला. खरं? हो. हिताचं? असावं. प्रिय? नाही. आणि अनुद्वेगकर? अजिबात नाही. चारपैकी दोन. म्हणजे तप नाही, नुसता राग, फक्त इस्त्री केलेला.

आता ज्ञानेश्वरी. माऊली या ठिकाणी परिसाचा दृष्टांत देतात. परीस लोखंडाचा आकार मोडत नाही, वजन कमी करत नाही, आणि तरी त्याचं सोनं करतो. तसं जवळच्याला न दुखावता सुख देणारं बोलणं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थेट बस्करपट्टीवर जाऊन पोचलो. बाईंनी माझा आकार मोडला नाही. मी गणितात हुशार मुलगा होतो. बाईंनी तेच माझं रूप घेतलं, त्याच हुशारीला कामाला लावलं, आणि तिच्याकडूनच मला पकडून दिलं. माझी चोरी मला बाईंनी सांगितली नाही, माझ्या बेरजेनं सांगितली. श्लोकातल्या पाचव्या गोष्टीचा, स्वाध्यायाचा, अर्थ ग्रंथाचा अभ्यास असाच आहे. पण माझ्यापुरता माझा पहिला स्वाध्याय ती वही होती. स्वतःच्या हातचं स्वतः वाचणं.

तरी एक शंका राहिली होती. मी हुशार, शिंप्याच्या घरचा का होईना पण गावात मान असलेल्या माणसाचा मुलगा. म्हणून बाईंनी मला सांभाळून घेतलं का? पैसे खरंच त्या मागच्या पट्टीवरच्या मुलानं घेतले असते तर? एखाद्यावर दया आणि दुसऱ्याला शिक्षा, याला दया म्हणत नाहीत, पक्षपात म्हणतात.

गेल्या दिवाळीत बाईंना भेटायला गेलो. आता निवृत्त आहेत, गुडघे दुखतात, पण चहा स्वतःच केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी धीर करून विचारलं, "बाई, त्यानं घेतले असते तर काय केलं असतं हो?"

बाई हसल्या. "त्यालाही बेरीज करायला बसवलं असतं. त्याची बेरीज कच्ची होती, संध्याकाळ झाली असती. शेवटची गाडी गेली असती माझी."

मीही हसलो. मग बाईंनी कप खाली ठेवला. "तू त्याला सांगितलंस का?"

सत्तावीस वर्षं झाली होती. बाईंना चौदा रुपये नीट आठवत नव्हते, बारा की चौदा विचारत होत्या. पण हा प्रश्न त्यांच्याकडे तसाच शिल्लक होता.

मी म्हणालो, "नाही, बाई." बाई काही बोलल्या नाहीत. मला आणखी एक बिस्किट दिलं. तेही वाणीचं तपच असावं, कुठे थांबायचं ते कळणं.

पुण्याला परत आलो आणि विसरलो. म्हणजे विसरल्यासारखं केलं. मागच्या गुरुवारचा कॉल झाला नसता तर अजूनही तसंच चाललं असतं. शनिवारी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारून त्याचा नंबर काढला. तो आता साखर कारखान्याच्या हंगामात ट्रॅक्टरवर असतो, उसाची वाहतूक. सातवीनंतर शाळा सुटली. आईवडिलांबरोबर फडावर गेला, तो गेलाच.

फोन उचलला आणि ओळख सांगितल्यावर तो म्हणाला, "बोला साहेब." मी म्हटलं, अरे साहेब काय, आपण एका वर्गात होतो. तो म्हणाला, "तरी बी."

मी सगळं सांगितलं. संचयिका, चौदा रुपये, मी घेतले होते. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज. तो म्हणाला, "पैशाचं काय मला ध्यानात न्हाई बघ. बाईंचं हाय. बाईंनी मला फुडं उभं केलं आन् म्हनल्या, याचा संबंध न्हाई. माझ्यासाठी असं कुणी बोललं नव्हतं तवर. त्या दिसापासून माझ्या दप्तराला कुणी हात लावला न्हाई."

मी गप्प. मग तोच म्हणाला, "तू बी व्हतास ना रे दप्तर उलटं करताना?"

"होतो."

"हां." थोडा वेळ काहीच नाही. "लहान व्हतो आपन."

मी माफी मागितली. त्यानं ती घेतली की नाही, मला सांगता येणार नाही. त्यानं विषय बदलला. त्याची मुलगी चौथीला आहे, तिला गणित आवडतं म्हणाला. फोन ठेवताना मात्र "साहेब" म्हणाला नाही.

मंडळी, माऊली याच ठिकाणी आणखी एक दृष्टांत देतात. पाणी सोडलेलं असतं झाडासाठी, पण त्याच पाण्यावर वाटेतलं गवतही जगतं. तसं एकाशी बोललेलं सगळ्यांच्या हिताचं व्हावं. मी इतकी वर्षं समजत होतो की त्या दिवशीचं पाणी माझ्यासाठी सोडलेलं होतं. मी झाड, आणि तो मुलगा वाटेतलं गवत. त्या फोननंतर मला उलटं वाटायला लागलंय. बाईंनी वर्गात आल्यावर आधी काय केलं? मला शोधलं नाही. त्याला फळ्याजवळ आणलं. मला सुधारणं दुपारपर्यंत थांबू शकत होतं. त्याची भाकरी व्हरांड्यात पडली होती, ते थांबू शकत नव्हतं. मी त्या पाण्यावर जगलेलं गवत होतो.

आणि म्हणून अर्धसत्याच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मिळालं. बाईंनी सत्य लपवलं नाही, त्याची वाटणी केली. जे चारचौघांत सांगणं त्या मुलाचा हक्क होता, ते चारचौघांत. जे एकट्याला कळायला हवं होतं, ते एकट्याला. आणि जे माझं मीच करायला हवं होतं, ते माझ्यावर सोडलं. तिसरा वाटा मी सत्तावीस वर्षं थकवला, ती बाईंच्या बोलण्यातली खोट नव्हे.

एक गोष्ट वर लिहायची टाळली होती, ती आता लिहितो. कॉलवर जो चुकीचा बदल सापडला, त्याला रिव्ह्यूमध्ये मंजुरी कोणी दिली होती? मी. घाईत, न वाचता. "हे कोणी केलंय?" विचारताना ते मला माहीत होतं. म्हणजे परत एकदा दुसऱ्याचं दप्तर उलटं होत होतं, आणि बंद माझ्या हातात होता.

काल सकाळच्या मीटिंगमध्ये, सगळे असताना, मी ते सांगितलं. मंजुरी माझी होती, आणि ज्या पद्धतीनं मी विचारलं ते चुकलं. दुखावलं चारचौघांत होतं, म्हणून बोललोही चारचौघांतच. ती नुसतं "ओके सर" म्हणाली. टेस्ट कशी लिहायची ते आम्ही दुपारी दोघांनी बसून केलं. तिचा बिचकलेला हात लगेच मोकळा होईल अशी माझी अपेक्षा नाही. मला चौदा शनिवार लागले होते.

आज तोंडातून निघणारं निदान एक वाक्य चारही अटींमधून जाऊ द्यावं, एवढंच मागणं भगवंताजवळ. आणि तुमच्याकडेही एखादी बेरीज अर्धी राहिली असेल, कोणाला तरी काही सांगायचं राहिलं असेल, तर नंबर शोधा. समोरचा काय म्हणेल याची खात्री नसते. पण बाई म्हणायच्या तसं, अर्धी बेरीज उपयोगाची नसते.

राम कृष्ण हरी.